बेडपॅन कोणी धुवायचा? मेडस्टोनच्या हॉस्पिटल्समधलं सी-डिफ प्रकरण

मी एका मध्यम आकाराच्या प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे, आणि नवीन सिस्टर्सची बॅच आली की त्यांचं ट्रेनिंग माझ्याकडे असतं. सुरुवात मी हात धुण्याच्या स्टेप्सने करत नाही, त्या सगळ्यांना फर्स्ट इयरपासून पाठ असतात, मी सुरुवात करते ती इंग्लंडमधल्या मेडस्टोनच्या प्रकरणापासून. स्टेप्स तिथल्या लोकांना पण पाठ होत्या. पॉलिसीची फाईल होती, इन्फेक्शन कंट्रोलची टीम होती, सरकारने नेमायला सांगितलेलं पद होतं, आणि तरीही अडीच वर्षांत अंदाजे ९० माणसं अशा आजाराने गेली जो हॉस्पिटलमध्येच एकाकडून दुसऱ्याकडे पसरत होता. "घाण होती हो तिथे" एवढं म्हणून हे मिटवता येत नाही. स्वच्छता नक्की कोणाच्या अंगावर होती आणि ज्याच्या अंगावर होती त्याच्या हातात ती करायला काय दिलेलं होतं, हे एकेका माणसापाशी थांबून बघावं लागतं, म्हणून जरा लांबण लावून लिहितेय.

आधी जागा. लंडनच्या आग्नेयेला केंट नावाची काउंटी आहे, तिथे मेडस्टोन अँड टनब्रिज वेल्स एनएचएस ट्रस्ट. एनएचएस म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा. ट्रस्ट म्हणजे आपल्याकडचा धर्मादाय ट्रस्ट नाही, सरकारी हॉस्पिटलांचा एक गट, त्याला एक बोर्ड आणि एक मुख्य कार्यकारी अधिकारी. या ट्रस्टकडे तीन हॉस्पिटलं होती, मेडस्टोन हॉस्पिटल, टनब्रिज वेल्स गावातलं केंट अँड ससेक्स आणि पेंबरी. यातल्या दोन इमारती बऱ्याच जुन्या, लांबलचक वॉर्ड, एकेकट्या खोल्या फारच थोड्या. ही खोल्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तो जंतू. क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल (२०१६ पासून अधिकृत नाव क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसाइल), बोलताना सगळे सी-डिफ म्हणतात. १९३५ साली नवजात बाळांच्या शीमध्ये तो पहिल्यांदा सापडला आणि लॅबमध्ये वाढवायला अवघड म्हणून नावातच "अवघड" आलं. बरेचदा हा पोटात निमूट पडून असतो, त्रास देत नाही. पण म्हातारा पेशंट न्यूमोनियासाठी किंवा लघवीच्या इन्फेक्शनसाठी भारी अँटिबायोटिकवर जातो, आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि याला रान मोकळं मिळतं, मग तो विष सोडतो, दिवसातून दहा दहा पंधरा पंधरा वेळा जुलाब, ताप, पोट फुगणं, आणि वय ऐंशीच्या पुढे असेल तर माणूस काही दिवसांत खंगतो. जुलाबातून याचे बीजाणू बाहेर पडतात, आणि खरी पंचाईत तिथे आहे, कारण हे बीजाणू म्हणजे चिलखत घातलेले जंतू, बेडच्या कठड्यावर, कमोडच्या सीटवर, बेलच्या बटणावर महिनोन्महिने जिवंत राहतात. आणि अल्कोहोलच्या हँडरबने मरत नाहीत. हे वाक्य मी ट्रेनिंगमध्ये तीनदा म्हणते. आपल्याकडे प्रत्येक बेडला रबची बाटली टांगलेली असते आणि ती दोनदा दाबली की आपलं काम झालं असं हाताला वळण पडलेलं असतं, पण सी-डिफच्या पेशंटनंतर साबण आणि वाहतं पाणीच लागतं, बीजाणू मारायचे नाहीत, चोळून धुऊन काढायचे. आणि पृष्ठभागावर क्लोरीनचं द्रावण. २००४ च्या सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये प्रत्येक बेडपाशी हँडरब ठेवायची मोठी मोहीम चालू झाली होती आणि ती बाकीच्या जंतूंसाठी अगदी योग्यच होती, पण ज्या वॉर्डात सी-डिफ शिरलाय तिथे बेसिन किती आणि ती कुठे आहेत हाही जीवनमरणाचाच प्रश्न होतो.

घडलं काय ते तारखांनी सांगते. २००५ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत या ट्रस्टमध्ये १५० पेशंटना सी-डिफ झाला. आणि याला "साथ आहे" असं त्या वेळी कोणी म्हटलंच नाही. आकडे गोळा होत होते, २००४ च्या जानेवारीपासून ६५ वर्षांवरच्या पेशंटचे सी-डिफचे आकडे कळवणं इंग्लंडमध्ये सक्तीचंच होतं, म्हणजे रिपोर्ट लॅबमधून निघत होते, वर जात होते, पण ते एकत्र ठेवून "अरे हे नेहमीपेक्षा जास्त आहे, थांबा" म्हणणारं कोणी नव्हतं. मग २००६ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, ती सप्टेंबरपर्यंत चालली, २५८ पेशंट. या वेळी ती ओळखली गेली, आणि शेवटी हेल्थकेअर कमिशन या तेव्हाच्या तपासणी संस्थेने चौकशी केली. ११ ऑक्टोबर २००७ ला अहवाल आला. एप्रिल २००४ ते सप्टेंबर २००६ या काळात ११७० पेक्षा जास्त पेशंटना लागण, आणि त्यातले अंदाजे ९० मृत्यू असे की ज्यांचं मुख्य कारण नक्की किंवा बहुधा सी-डिफच होतं.

अहवालातल्या ज्या गोष्टी पेपरमध्ये मोठ्या अक्षरात आल्या त्या वाचून आजही पोटात कालवतं. जुलाब होणाऱ्या पेशंटना नर्सेसनी सांगितलं होतं की बेडमध्येच करा. पेशंट त्या ओल्या घाणेरड्या चादरीत पडून राहिले होते. धुतलेले म्हणून ठेवलेले बेडपॅन नीट धुतलेलेच नव्हते. काही ठिकाणी दोन बेडमधलं अंतर फुटाहूनही कमी. हे वाचल्यावर कोणाचाही पहिला राग नर्सवर जातो, माझाही गेला होता, मी स्वतः नर्स असून गेला. एखाद्या आजीला "इथेच करा" म्हणताना जीभ कशी रेटली असेल असं वाटलं.

पण त्या वाक्यापाशी जरा थांबा. अशी वेळ डोळ्यासमोर आणा, वॉर्ड भरलेला, एका नर्सकडे जितके पेशंट असायला हवेत त्याहून बरेच जास्त. त्यातल्या पाच जणांना जुलाब. एका आजीला बेडवरून उठवून कमोडवर बसवायचं तर दोन माणसं लागतात आणि दहा मिनिटं जातात, बेड इतके चिकटलेले की मध्ये कमोडची खुर्ची नीट शिरत नाही, तेवढ्यात पलीकडच्या आजोबांची बेल वाजतेय, तिसरीकडे सलाईन संपलंय, आणि या आजींना अर्ध्या तासात परत जायचंच आहे. तिने काय करायला हवं होतं ते मला माहिती आहे, तिलाही माहिती होतं. अहवालाने स्वतःच म्हटलं होतं की नर्सेसची संख्या कमी होती, त्या इतक्या घाईत होत्या की हात धुवायला, बेडपॅन रिकामे करायला, कमोड पुसायला त्यांना वेळ पुरत नव्हता. आणि संख्या कमी का, तर ट्रस्टवर पैशाचा ताण होता आणि खर्च कमी करायचा होता. म्हणजे ज्या टेबलावर नर्सेसची संख्या ठरली ते टेबल आणि ज्या बेडवर त्या आजी पडून राहिल्या तो बेड, हे दोन्ही एकाच साखळीत आहेत. मी नर्सची बाजू घेतेय असं कोणाला वाटलं तर वाटू दे. तिची चूक आहेच, पेशंटची लाज झाकणं हे नर्सिंगचं पहिलं काम आहे आणि ते तिथे झालं नाही. फक्त चुकीची सुरुवात तिच्यापाशी झालेली नाही.

बेडपॅनकडे येते, कारण माझ्या मते अख्खं प्रकरण त्या एका भांड्यात दिसतं.

बेडपॅन पेशंटच्या अंगाखालून निघतो तेव्हा तो नर्सचा असतो. तो घेऊन ती स्लूस रूमपर्यंत जाते, म्हणजे घाण भांडी धुवायची खोली, आपल्याकडे त्याला डर्टी युटिलिटी म्हणतात, तिथे बेडपॅन वॉशर नावाचं मशीन असतं, आधी गार पाण्याने धुऊन मग गरम पाण्याने किंवा वाफेने तो निर्जंतुक करतं. आता मशीन नीट चालतं का, त्याचं तापमान बरोबर येतं का, हे बघणं मेंटेनन्सचं. मशीन जुनं झालं तर नवीन घेणं खरेदी विभागाचं आणि त्यासाठी पैसे फायनान्सचे. स्लूस रूमची फरशी सफाईवाल्यांची. मशीनमधून निघालेला बेडपॅन डोळ्याने तपासून रॅकवर लावणं, हे कोणाचं? विचारलं तर नर्स म्हणेल मशीनने धुतलाय, सफाईवाला म्हणेल पेशंटच्या वस्तूला मी हात लावत नाही, मेंटेनन्सवाला म्हणेल माझ्याकडे तक्रारच आली नाही. आणि तो बेडपॅन कडेला डाग घेऊन पुढच्या पेशंटच्या अंगाखाली जातो. यातला एकही माणूस वाईट नाही. प्रत्येकाने आपापलं काम केलंय असं प्रत्येकाला खरंच वाटतंय.

डॉक्टरांची बाजू याहून कमी बोलली जाते, म्हणून मुद्दाम लिहिते. हॉस्पिटलमधली सफाई म्हटलं की डॉक्टर स्वतःला त्यातून वगळतात, पण सी-डिफच्या बाबतीत फरशी पुसण्याइतकंच महत्त्वाचं आहे केसपेपरवर काय लिहिलं जातं ते. गरज नसताना ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे एकदम बऱ्याच प्रकारच्या जंतूंना मारणारं अँटिबायोटिक सुरू केलं, सुरू केलेलं वेळेत थांबवलं नाही, की त्या वॉर्डातला प्रत्येक म्हातारा पेशंट साथीसाठी तयार जमीन होतो. मग सफाईवाल्याने कितीही पुसलं तरी तो मागेच पडणार. अहवालात अँटिबायोटिकच्या वापराबद्दल बोट ठेवलेलं होतं, आणि अजून एक गोष्ट होती जी मला फार टोचते, की सी-डिफला एक वेगळा आजार म्हणून बघितलंच जात नव्हतं. पेशंट मांडीच्या हाडासाठी ॲडमिट आहे तर राउंड हाडाचा, जुलाब म्हणजे मध्येच आलेली कटकट. शरीरातलं पाणी किती गेलं, खाणं जातंय का, वजन किती उतरलं, इलाज लागू पडतोय का हे रोजच्या रोज कोणी बारकाईने बघायला हवं होतं तसं बघितलं गेलं नाही. माणूस जिवावर उठलेल्या आजाराने आजारी आहे आणि फाईलवर तो आजार हेडिंगमध्येसुद्धा नाही.

मग बेड मॅनेजर, म्हणजे कोणाला कुठला बेड द्यायचा ते बघणारा माणूस. इंग्लंडमध्ये तेव्हा कॅज्युअल्टीत आलेल्या पेशंटला चार तासांच्या आत ॲडमिट करा नाहीतर घरी पाठवा असं टार्गेट होतं आणि त्यावर हॉस्पिटलचं नाव, पैसे, सगळं अवलंबून. चार तासांचं टार्गेट स्वतः वाईट नाही, आपल्याकडे कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर रात्र काढलेल्यांना विचारा. पण त्यामुळे बेड म्हणजे फिरती खुर्ची झाली. एक पेशंट उठला की दुसरा आत, मध्ये बेड, गादी, कठडे, लॉकर नीट पुसायला जो वेळ लागतो तो द्यायला कोणी तयार नाही. आणि पेशंटना या वॉर्डातून त्या वॉर्डात हलवत राहायचं, म्हणजे जुलाबवाला माणूस तीन वॉर्ड फिरून तिन्हीकडे बीजाणू सोडून येतो. अशा पेशंटला वेगळं ठेवायचं हा या आजारातला पहिला नियम, पण एकेकट्या खोल्याच नव्हत्या, आणि या पेशंटसाठी एक अख्खा वॉर्ड वेगळा काढायचा तर तेवढे बेड टार्गेटमधून जातात. तो निर्णय वेळेवर झाला नाही. संशयित आणि नक्की लागण झालेले पेशंट उघड्या वॉर्डात बाकीच्यांबरोबर राहिले.

इथे इन्फेक्शन कंट्रोल टीम काय करत होती, हा माझ्या जिव्हाळ्याचा प्रश्न. २००३ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या चीफ मेडिकल ऑफिसरने सगळ्या हॉस्पिटलांना सांगितलं होतं की इन्फेक्शन कंट्रोलचा एक डायरेक्टर नेमा, तो थेट बोर्डाशी बोलेल, म्हणजे मधल्या साहेबांच्या टेबलावर फाईल अडकणार नाही. चांगलाच विचार होता. पण पद निर्माण करणं आणि त्या पदाला बेड बंद करायची ताकद देणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे. इन्फेक्शन कंट्रोलवाली सांगते वॉर्ड बंद करा, बेड मॅनेजर सांगतो कॅज्युअल्टीत तीस माणसं आहेत, आणि दोघांपैकी कोणाचं ऐकायचं हे आधीच ठरलेलं असतं कारण एकाच्या मागे रोजचा आकडा आहे आणि दुसरीच्या मागे फक्त "होऊ शकतं" आहे. मी स्वतः या खुर्चीत बसते म्हणून सांगते, आमचं काम यशस्वी झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याचा पुरावा मीटिंगमध्ये दाखवता येत नाही. ट्रस्टच्या बोर्डाचं लक्ष पैसा, टार्गेट आणि नव्या हॉस्पिटलच्या योजनेवर होतं. सी-डिफचे आकडे इतके चढलेत याची बोर्डाला नीट कल्पनाच नव्हती.

यातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट तर वेगळीच आहे. स्टोक मँडेव्हिल नावाच्या दुसऱ्या इंग्लिश हॉस्पिटलमध्ये २००३ ते २००५ दरम्यान अशाच दोन साथी होऊन गेल्या होत्या, ३३४ पेशंट, किमान ३३ मृत्यू, आणि तिथेही कारण तेच, टार्गेट आणि पैशापुढे पेशंटला वेगळं ठेवण्याचा सल्ला मागे पडला. त्याचा चौकशी अहवाल आला जुलै २००६ मध्ये. जुलै २००६ ला मेडस्टोनची दुसरी साथ ऐन भरात होती. म्हणजे एकीकडे कसं चुकलं याचा छापील अहवाल हातात येतोय आणि दुसरीकडे तीच चूक तेव्हाच्या तेव्हा चालू आहे. दुसऱ्या हॉस्पिटलचा अहवाल आपण "अरेरे" म्हणून वाचतो, आपल्या वॉर्डात जाऊन त्या अहवालाशी ताडून बघत नाही.

नंतर कोणाला काय झालं, हे लोक आधी विचारतात म्हणून सांगते. अहवाल यायच्या काही दिवस आधी मुख्य कार्यकारी अधिकारी रोझ गिब यांनी पद सोडलं, परस्पर संमतीने, जवळजवळ अडीच लाख पाउंडांचा करार करून. ज्यांची माणसं गेली त्यांना हे ऐकून काय वाटलं असेल ते सांगायला नको. आरोग्यमंत्री ॲलन जॉन्सन यांनी ते पैसे थांबवायला सांगितलं. ट्रस्टच्या अध्यक्षांनीही पद सोडलं. पोलिसांनी आणि कामाच्या जागेवरचं आरोग्य आणि सुरक्षा बघणाऱ्या तिकडच्या खात्याने तपास केला पण २००८ मध्ये सांगितलं की कोणावरही फौजदारी खटला होणार नाही. गिब त्या थांबवलेल्या पैशांसाठी कोर्टात गेल्या, हायकोर्टात हरल्या आणि २०१० मध्ये अपील कोर्टात जिंकल्या. त्या निकालात न्यायमूर्ती सेडली यांनी जे लिहिलं त्याचा आशय असा की लोकांचा आणि पेपरवाल्यांचा राग दुसरीकडे वळवावा म्हणून एका माणसाचा जाहीर बळी देणं ही या देशाच्या कारभारातली अजूनही चालणारी रीत दिसते.

हे वाक्य मला बरेच दिवस पचलं नव्हतं. वाटायचं, ९० माणसं गेली, तुम्ही बळीचा बकरा कोणाला म्हणताय. आता मला ते वेगळं दिसतं. प्रमुख म्हणून त्या जबाबदार होत्याच, त्यात वाद नाही, पण त्यांनी पद सोडल्यामुळे बेडमधलं अंतर एक इंचानेही वाढलं नाही. आपल्याकडे हेच खालच्या टोकाला होतं, आणि ते जास्त वाईट आहे, काही घडलं की पहिल्या दिवशी एक सिस्टर सस्पेंड आणि कॉन्ट्रॅक्टवरचे दोन सफाई कामगार घरी, पेपरला बातमी, प्रकरण शांत. वरचं माणूस काढा नाहीतर खालचं काढा, मधली साखळी तशीच राहते.

मेडस्टोनमध्ये आणि इंग्लंडमध्ये खरं काय बदललं ते बघा. ऑक्टोबर २००६ पासून स्वच्छता आणि इन्फेक्शन कंट्रोल हे कायद्याखालच्या आचारसंहितेत आलं, म्हणजे आता ते हॉस्पिटलच्या मर्जीवर राहिलं नाही, बोर्डाला त्याचं उत्तर द्यावं लागतं. डॉक्टर, नर्स सगळ्यांनी कोपराखाली काही घालायचं नाही, ना घड्याळ, ना लांब बाह्या. अँटिबायोटिकवर लगाम. दर हॉस्पिटलचे आकडे जाहीर. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ साली ८३२४ मृत्यूच्या दाखल्यांवर सी-डिफचा उल्लेख होता, २०१२ साली तो १६४६ वर आला. म्हणजे "म्हातारी माणसं, हॉस्पिटल म्हटलं की होणारच" हे जे आधी म्हटलं जायचं ते खरं नव्हतं. आणि पेंबरीला जुनी इमारत जाऊन २०११ मध्ये नवीन हॉस्पिटल उभं राहिलं, त्यात ५१२ बेड आणि प्रत्येक पेशंटला स्वतंत्र खोली, स्वतंत्र संडास बाथरूम. उघडा वॉर्डच नाही. बेडपॅन घेऊन जायचं अंतरच संपवून टाकलं. आता आपल्याला हे परवडणार नाही हे मलाही कळतं, आणि एकट्या खोलीत म्हाताऱ्या माणसाला करमत नाही, पडला तर लवकर कळत नाही, हे त्याचे तोटेही आहेत. पण विचार बघा कसा केला, नर्सला "अजून काळजी घ्या" असं सांगण्याऐवजी जागाच अशी बांधली की चूक व्हायला वाव कमी.

आपल्याकडे कागदाची कमतरता नाही. २०१५ पासून सरकारी हॉस्पिटलांसाठी कायाकल्प ही स्वच्छतेची योजना आहे, त्यात तपासणी होते, मार्क मिळतात, बक्षीस मिळतं. २०१६ चे बायोमेडिकल वेस्टचे, म्हणजे हॉस्पिटलच्या कचऱ्याचे नियम आहेत, कुठला कचरा कुठल्या रंगात, पिवळी, लाल, पांढरी, निळी. २०२० मध्ये देशपातळीवर इन्फेक्शन कंट्रोलची मार्गदर्शक तत्त्वं आली. मोठ्या हॉस्पिटलात कमिटी असते, मिनिट्स लिहिली जातात. मी या सगळ्याच्या विरोधात अजिबात नाही, कायाकल्पमुळे कित्येक ग्रामीण रुग्णालयांचे संडास वापरण्यासारखे झालेत हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण मेडस्टोन वाचल्यापासून मी कमिटीची फाईल मिटून वॉर्डात जाऊन एकच प्रश्न विचारते, ही वस्तू कोण पुसतं?

एकदा आयव्ही स्टँडबद्दल विचारलं. खाली चाकाच्या दांड्यावर वाळलेल्या रक्ताचं तपकिरी कडं होतं, आजचं नव्हतं, बरंच जुनं. सिस्टर म्हणाली हाऊसकीपिंगचं काम. सुपरवायझर म्हणाला आमच्या चेकलिस्टमध्ये फरशी, खिडक्या, बाथरूम, बेड आणि लॉकर आहे, स्टँड नाही. आरएमओ सरांना, म्हणजे वॉर्डच्या निवासी डॉक्टरांना तर प्रश्नच नवीन होता. मग मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सिस्टर, मी पुसायचे की आधी. एकदा पुसताना पेशंटची सलाईनची नळी ओढली गेली, इनचार्ज सिस्टरनी मला सगळ्यांसमोर झापलं, औषधाच्या वस्तूला हात लावायचा नाही म्हणाल्या. तेव्हापासून मी नाही लावत." किती साधी गोष्ट. त्या दिवशी इनचार्जचं पण बरोबर होतं आणि मावशींचं पण बरोबर होतं, आणि त्यानंतर ते स्टँड कोणाचंच राहिलं नाही. मग आम्ही बसून यादी केली, आयव्ही स्टँड, बीपीचा कफ, ग्लुकोमीटर, मॉनिटरची वायर, ऑक्सिजनचा फ्लोमीटर, बेलचं बटण, पेशंटचं टेबल, आणि प्रत्येकापुढे कोण, कधी, कशाने. दोन आठवडे भांडणं झाली, सगळ्यात जास्त बीपीच्या कफवरून. पेशंटला लावलेलं असताना सिस्टरने, पेशंट गेल्यावर मावशींनी, असं करत करत एकेक सुटलं.

ते चालू असतानाच मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सिस्टर, तुम्ही ट्रेनिंगमध्ये सांगता रक्त सांडलं तर एक टक्का हायपो टाका, तर एक टक्का म्हणजे किती झाकणं?"

मी दोन वर्षं "एक टक्का" सांगत होते. हायपो म्हणजे क्लोरीनचं द्रावण, त्याच्या पाच टक्क्यांच्या कॅनमधलं एक लिटर आणि पाणी चार लिटर, हे मला पाठ, आणि माझ्यासमोर मान हलवणाऱ्या बाया अंदाजाने झाकणं ओतत होत्या, कोणी दोन, कोणी पाच. कोणी विचारलं नाही कारण विचारलं तर येत नाही असं दिसेल आणि कॉन्ट्रॅक्टवर असताना ते परवडत नाही. त्याच दिवशी स्टोअरमधून एक मोठा प्लास्टिकचा मग आणला, एक लिटरला लाल नेलपॉलिशने रेघ मारली, बादलीला पाच लिटरवर दुसरी रेघ, आणि तो मग बादलीच्या कडीला दोरीने बांधून टाकला. रोज सकाळी ताजं बनवायचं, कालचं ओतून द्यायचं, आधी रक्त कागदाने टिपून घ्यायचं मग हायपो, आणि ओतल्यावर दहा मिनिटं थांबायचं, हे सगळं मावशींनीच बाकीच्यांना करून दाखवलं.

गेल्या महिन्यात तो मग तडकला. मला कळलं ते दुपारी, मावशींनी सकाळीच स्टोअरला जाऊन दुसरा आणला होता आणि त्या माझ्या टेबलाशी नेलपॉलिशची बाटली मागायला आल्या होत्या.